दोन तासांचा दिवस

विजेचं मीटर बघायला ती चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर चढली आणि दारातच थबकली. अख्खी खोली व्यापून एक छोटी रेल्वे पसरली होती. रूळ, बोगदा, पूल, हातभर लांबीचं स्टेशन... आणि ते स्टेशन तिचंच होतं! बावीस वर्षं तिचे बाबा तिथे स्टेशनमास्तर होते. आता ती लाइनही उरली नव्हती आणि बाबाही.

“पाण्याची टाकी चुकीच्या बाजूला आहे,” ती म्हणाली.

चष्मेवाल्याने मान वर केली. “तुम्ही मीटर बघायला आलात की चुका काढायला?”

“एका फेरीत दोन्ही कामं होतात.”

मग दर रविवारी ती येऊ लागली. त्याच्याकडे त्या लाइनचं जुनं, खरं वेळापत्रक होतं. आणि एक घड्याळ, त्यानेच खटपट करून पळायला लावलेलं. त्यातला एक तास पाच मिनिटांत सरे, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या गाड्या दोन तासांत धावून होत. बाबांचं स्टेशन ती सांभाळे, पलीकडचं तो. मधेच हाताला हात लागे, गाडी घसरे, आणि दोघं मिळून खापर रुळांवर फोडत. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंही नाही.

फक्त बोलायचं तेवढं तो बोलेना. जगाला चष्मे देणाऱ्याला समोरचं दिसू नये... दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा भला, दुसऱ्याच भेटीत ‘तुम्ही मला आवडलात’ म्हणून मोकळा झालेला. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आदल्या रविवारी तिने मुद्दाम हे चष्मेवाल्याच्या कानावर घातलं. तो इवल्याशा झाडाला पानं चिकटवत होता.

“चांगलं आहे की,” एवढंच म्हणाला.

शनिवारी ती ‘हो’ म्हणाली. आईला आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं.

रविवारी ती शेवटची आली. पहिली गाडी गेली. अर्धा तास झाला, तरी दुसरीची वेळ होईना.

“घड्याळ बिघडलं का रे?”

“नाही... मीच हळू केलं. साध्या घड्याळासारखं.” तो रुळांकडेच बघत होता. “आजचा दिवस लवकर संपू नये असं वाटलं. मला तू... पहिल्या दिवसापासून...”

“मग इतके दिवस तोंडाला काय कुलूप होतं?” तिचे डोळे भरून आले. “काल शब्द देऊन बसले मी!”

“थांब म्हणू?”

“नको,” ती घाईघाईने म्हणाली. “तू म्हणालास तर थांबेन मी... आणि त्या माणसाचा काय दोष?”

तिने पर्स उचलली.

जिना ती एकेक पायरी थांबत उतरली. मागून हाक आली नाही. शहाण्यासारखा वागला तो, असं पुढे तिने स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण त्या शहाणपणाचा राग काही तिच्या मनातून गेला नाही.