टेंभरीच्या खिंडीतली घंटी

रुपरावला त्या दिवशी जिंकून काय काय मिळणार होतं, ते आधी सांगतो.

पक्की नोकरी. खाकी कपड्यांचे दोन जोड. खात्याची नवी कोरी सायकल. आणि प्रेमिला. तिच्या वडिलांनी, नानाजींनी, तोंडावर सांगून ठेवलं होतं, "गांधीबागेत कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्याले पोरगी नाही देत. सरकारी शिपाई होऊन ये, मग बोलू."

माझ्या थोरल्या भावाला, अनंतला, जिंकून फक्त नोकरी मिळणार होती. पण आमच्या घरात तेव्हा आई, मी आणि माझं अर्धवट शिक्षण एवढंच होतं. त्यामुळे ते 'फक्त' लहान नव्हतं.

जागा एकच होती.

ही गोष्ट खरी आहे. भुतं रात्री भेटतात असं तुम्ही वाचत आला असाल. हे भर दुपारी बाराच्या ठोक्याला घडलं. एप्रिल १९७४, दुसरा रविवार. मी तिथे होतो. कोणाला पटवायची मला हौस नाही.

खात्याचं नाव लिहीत नाही. नागपूरच्या पश्चिमेला टेकड्यांमध्ये त्यांचं काम चालू होतं आणि एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर टपाल न्यायला सायकल-शिपाई हवा होता. अर्ज आले साठ. गाळून उरले दोन, रुपराव आणि अनंत. दोघेही नागपूरच्या महाल वस्तीतले, एकाच गल्लीतले, एकमेकांचे जिगरी दोस्त. साहेब म्हणाले, शर्यत लावा. डाक बंगल्यावरून निघायचं, संत्र्याच्या बागांमधून मुरमाच्या रस्त्याने टेकडी चढायची, टेंभरीची खिंड ओलांडायची आणि पलीकडून उतरून परत बंगल्यावर यायचं. वीस किलोमीटरचा फेरा.

आठवडाभर आधी आम्ही तिघं रस्ता पाहून आलो होतो. काय रस्ता होता! दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, खाली लाल मुरूम, चाकाखाली त्याची करकर. बाकी माणूस नाही की गाडी नाही. खिंडीच्या अलीकडे एक विहीर होती. तिथे बागेची राखण करणारी तुळसाबाई भेटली. तिने पाणी दिलं आणि एक गोष्ट सांगितली.

"खिंड बैलबंडीएवढी रुंद हाय. मधात वळण. इकडचं तिकडे दिसत नाही. म्हून तोंडाशी घंटी मारा. आतून घंटी आली, तर उतरा. आतल्याले अगुदर बाहेर येऊ द्या."

"अन कोणीच नाही आलं तर वं मावशे?" रुपरावने डोळा मिचकावत विचारलं.

"तरी उतरा."

"काहून?"

तुळसाबाईने बादली विहिरीत सोडली. बादली खाली पाण्याला टेकली.

"ते पुढं गेलं का आपोआप कळते," म्हणाली.

आम्ही हसलो. त्यात मीही होतो.

शर्यतीच्या दिवशी साहेब दहाऐवजी साडेदहाला आले आणि आल्या आल्या सायकली तपासू लागले. ब्रेक आहे? आहे. घंटी आहे? रुपरावच्या सायकलला घंटीच नव्हती. गठ्ठ्यांच्या दोरीत अडकून ती कधीच तुटली होती.

"घंटी नाही तर शर्यत नाही," साहेब म्हणाले.

आता पाहा. अनंतने तोंड उघडलं नसतं, तर तिथेच त्याची नोकरी लागली होती. माझ्या डोक्यात हा हिशेब पापणी लवायच्या आत झाला. रुपरावच्याही झाला असावा, कारण तो एकदम खाली बसला.

अनंतने आपली हत्यारांची पिशवी उघडली. त्यातून त्याची जुनी घंटी काढली. ती पडून चेपलेली होती. 'ट्रिंग' असं वाजतच नसे. टण्... आणि मागून खर्र. अख्ख्या महालात तसा आवाज दुसरा नव्हता. ती त्याने रुपरावच्या हँडलला घट्ट कसून दिली.

मी त्याला बाजूला ओढलं. "येडा झाला काय गा? बाद होऊन राहिला होता ना तो!"

"मंग मी कोणाले हरवलं म्हून सांगू?" अनंत म्हणाला.

दोघे निघाले. मी बंगल्यावर घड्याळ धरून बसलो.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी खिंडीच्या बाजूने एक सायकल उतरताना दिसली...

रुपराव होता.

एवढ्या उन्हात त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. साहेबांनी पाठ थोपटली, कागदावर नाव लिहिलं. निघताना घंटी तपासणारे येताना तपासत नाहीत. पण मी पाहिलं.

हँडलवर पट्टी तशीच कसलेली होती. घंटी नव्हती.

"अनंत कुठी हाय?"

"मांगंच होता," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

एक वाजला.

दीड वाजला.

दोन वाजता मी माझी सायकल काढली आणि रुपराव उतरला होता त्या बाजूने खिंडीकडे चढू लागलो. तोंडाशी घंटी मारली. आतून काही आलं नाही. आत शिरलो. एप्रिलची दुपार, आणि आत गारवा होता... विहिरीच्या तळाशी असतो तसा. वळण घेतलं. वाटेत कोणी नाही. पलीकडे बाहेर पडलो.

अनंत तिथे उभा होता.

सायकलवरून उतरून, कडेला सरकून, एक हात सीटवर. ओठ फुटले होते. डोक्यावर सावलीचं पानही नव्हतं. तो दोन तास तसाच उभा होता.

"अनंता! काय करून राहिला गा इथं?"

"बाजूले हो ना. रुपराव येऊन राहिला."

"रुपराव बंगल्यावर पोचला. कधीचा!"

तो हसला. लहान पोराच्या चुकीला हसावं तसं.

"ऐक," म्हणाला.

मी ऐकलं. ज्या खिंडीतून मी आत्ता रिकामा आलो होतो, तिच्या आतून...

टण्... खर्र.

माझ्या हातातून सायकल पडली.

आवाजाने तुळसाबाई विहिरीवरून धावत आली. तिने अनंतकडे पाहिलं, खिंडीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "घंटी आल्यावर आत कोण शिरलं व्हतं?"

तिने पदर ओला करून अनंतच्या डोक्यावर ठेवला.

"आतल्याची वाट अडवली," एवढंच पुटपुटली.

आम्ही अनंतला खिंडीतून नेलं नाही. बागांमधून लांबच्या वाटेने आणलं. तो सारखा मागे वळून पाहत होता.

रुपरावने मला सगळं सांगितलं, पण एकदाच. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागलेल्या अंगाने.

"मी घंटी मारली. आतून उत्तर आलं. साफ ट्रिंग, नव्या घंटीवानी. मी उतरलो, खोटं नाही सांगत. मांगं पाहिलं तर अनंताची टोपी चढावर दिसली. थांबलो तर गेली नोकरी. मी बसलो अन शिरलो आत. समोरून फ्रीव्हीलची कटकट येऊन राहिली होती. जवळ... अजून जवळ. मंग बंद. माह्या चाकाखालचा मुरूमबी वाजेना. काहीतरी हाताले घासून गेलं, थंडगार. अंगठा घंटीवर गेला तर खाली नुसती पट्टी."

"अनंतले काहून नाही सांगितलं? परत काहून नाही गेला?"

तो हातावरची हळद खरवडत बसला. मी दुसऱ्या दिवशी पंगतीत जेवलो. माणूस जेवतो.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. आठ दिवसांत ताप उतरलाही. पण त्यानंतर अनंतला कुठेही सायकलची घंटी ऐकू आली की तो उतरायचा, कडेला व्हायचा आणि थांबायचा. कोणीतरी येऊन हलवेपर्यंत थांबायचा. आता महालात राहणाऱ्याने घंटी चुकवायची तरी कशी? पहाटे दूधवाला, मग शाळेच्या पोरी, मग रिक्षेवाले. सुरुवातीला लोक हसले. "या, आमचे बिनपगारी ट्रॅफिक पोलीस!" त्याला दोन ठिकाणी काम लागलं, दोन्ही सुटलं. गल्लीच्या कोपऱ्यावर तीन तास थांबणाऱ्याला कोण ठेवणार? त्याने सायकल सोडली. मग तो चालतानाही थांबू लागला. मग त्याने बाहेर पडणंच सोडलं.

रुपरावची बढती झाली. दोन मुली झाल्या. त्याने सायकलला परत घंटी बसवली नाही. प्रेमिलाताई एकदा आमच्या आईला सांगत होती, "देवघरातबी घंटी नाही ठेवू देत वं काकू. मी आरती नुसत्या टाळीवर करतो."

गेल्या एप्रिलात, म्हणजे १९८३ च्या, मी टेंभरीला गेलो. एकटाच. सायकलची घंटी घरीच काढून ठेवली होती. विहीर होती, तुळसाबाई नव्हती. रस्ता अजून मुरमाचाच आहे. बाग तीच, शांतता तीच. खिंडीच्या तोंडाशी मी उतरलो. दुपारचे बारा वाजले होते. मी काही वाजवलं नाही. श्वासही दाबून धरला होता.

आतून...

टण्... खर्र.

बरोबर वळणाजवळून. पुढे सरकत नव्हतं. नुसतं विचारत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. भानावर आलो तेव्हा मी कडेला सरकून उभा होतो, एक हात सीटवर. कसातरी पाय उचलला आणि आल्या वाटेने पळालो.

कुठे जातो ते मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

घरी आलो तर अनंत दारात खुर्ची टाकून बसलेला. कित्येक महिन्यांत तो आपणहून बोलला नव्हता. माझ्या धुळीने लाल झालेल्या पायांकडे पाहत म्हणाला, "निघाला का गा रुपराव तिथून?"

"निघते तो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. उठला आणि खुर्ची दारातून बाजूला घेतली... कोणाला तरी वाट द्यावी तशी. ती अजून तिथेच, भिंतीला लावून आहे. दार आम्ही लावतो. सकाळी ते उघडं असतं.

हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. रुपरावला नोकरी, खाकीचे जोड, नवी सायकल आणि प्रेमिला, जे जे मिळणार होतं ते सगळं मिळालं. प्रेमिलाताईच्या वाट्याला मुकं देवघर. आईच्या वाट्याला दारात बसलेला पोरगा. अनंत नऊ वर्षं त्याचा दंड भरतो आहे, अजून भरून राहिला आहे.

आणि रुपरावचं गेलं काय?

एक घंटी.

तीसुद्धा माझ्या भावाची.