ग्लासवर ठेवलेली चकती

ते दार नीट लावून घे रे, रोवन. वारा आत येतोय. आणि टेस, तो मोबाइल जरा खिशात ठेव. भूतबित मी मानत नाही. पण नॉरिस ट्रँटर माझा जुना मित्र, आणि त्याचं जे झालं ते मी या कानांनी ऐकलंय. म्हणून सांगतो.

२०१९ साल. जानेवारीची सोळा तारीख, बुधवार. सकाळी मी खाटकाकडे सॉसेज घ्यायला उभा होतो, तेवढ्यात नॉरिस आला. त्यानं बीफ मागितलं, गुर्दे मागितले, वर पांढरी चरबी.

मी म्हटलं, "काय रे, राणीसाहेब जेवायला येणार आहेत वाटतं?"

"पुडिंग करतोय," तो म्हणाला. "बेरिलचं."

बेरिल त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. माळावरच्या रस्त्याला 'ड्रोव्हर्स' नावाचा पब होता. मालकी बिअर कंपनीची, पण चालवायचे हे दोघं. बिअर ओतायला तो, चुलीशी ती. तिचं पुडिंग म्हणजे तुमच्या आजच्या फॅशनचं जेवण नव्हे हं टेस, दगडी पाटीवर तीन बटाटे आणि वर पानाची नक्षी! चरबी घालून मळलेली जाड पारी, आत मांस आणि गुर्दे, वाडगं कापडानं बांधून दिवसभर उकडायचं. सुरी लावली की रस्सा ताटभर पळायचा. बुधवारी माणसं त्यासाठी खोऱ्यातून वर चढून यायची. ती गेली आणि नॉरिस गोठवलेली पाकिटं गरम करून वाढायला लागला. गिऱ्हाईक हळूहळू तुटलं. कुणाला दोष द्यायचा?

"उद्या कंपनीला किल्ल्या द्यायच्यात," नॉरिस म्हणाला. "पोरगी म्हणते कॉव्हेंट्रीला या, खोली रिकामी आहे. पण सिरिल, आज एक माणूस जरी आला, बसून पोटभर जेवला, तर मी किल्ल्या देत नाही. मग मला तिथून कुणी हलवू शकत नाही. सांगून ठेवतो."

"मी येतो की."

"तुला मोजायचं नाही. तू दया म्हणून येणार, भिकारड्या." मग हसला. "पण ये."

संध्याकाळी बर्फ सुरू झालं. अंधार पडेपर्यंत माळावरचा रस्ता बंद झाला, आणि माझी गाडी फाटकातच रुतली. मी फोन करून तसं सांगितलं. "असू दे," तो म्हणाला. मागे कसलाच आवाज नव्हता. रिकाम्या पबची शांतता फोनमधूनही कळते. मला फार वाईट वाटलं.

काय रोवन, भूत कधी येणार म्हणतोस? घाई असेल तर आत जाऊन भांडी घास. येतंय.

बर्फ केव्हाच थांबलं होतं. झोपायला निघालो तर फोन वाजला.

"सिरिल, गिऱ्हाईक आलंय!" नॉरिसचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता. "म्हातारा आहे. मेंढपाळासारखा लांब कोट, ओलाचिंब. शेकोटीशी बसला आणि पुडिंग चाटूनपुसून खाल्लं. म्हणाला, बायकोचा हात आलाय तुझ्या हाताला."

"त्याला बेरिल कशी ठाऊक?"

"ते... विचारलंच नाही."

"रस्ता बंद आहे, नॉरिस. तो आला कसा?"

"चालत आला असेल."

"आता कुठाय?"

"बाहेर गेलाय. ग्लासवर चकती ठेवून."

तुम्ही पोरं खुर्चीवर जॅकेट टाकून जाता. आमच्यात ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासवर ठेवतात. अर्थ एकच. मी परत येतोय. मग त्या ग्लासाला कुणी हात लावायचा नाही. पबवाल्यानं तर मुळीच नाही.

"किती वेळ झाला जाऊन?" मी विचारलं.

"बराच झाला. थांब, बघून येतो."

त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्याची पावलं ऐकू आली. दार. वारा. मग पुन्हा पावलं, हळू.

"सिरिल... बर्फावर पाऊल नाही."

"गेल्याचं?"

"आल्याचंही नाही."

मी म्हटलं, "दार लाव. कडी घाल. तो ग्लास धुऊन टाक."

"चकती आहे ना वर."

"खड्ड्यात गेली चकती!"

"असं कसं? माणूस येतो म्हणालाय."

त्याची पावलं शेकोटीकडे गेली, परत आली.

"सिरिल."

"काय?"

"बिअर कमी होतेय."

"म्हणजे?"

"चकती तशीच आहे. कुणी हात लावला नाही. पण आत... कमी होतेय."

"नॉरिस, तू वर जा. झोपायच्या खोलीत जा. ऐक माझं. भीती वाटतेय ना तुला?"

"नाही रे," तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला. "दोन वर्षं जो तो जाताना 'सांभाळून राहा' म्हणतो. परत येतो असं कुणी म्हणालं नव्हतं."



तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"आला," नॉरिस म्हणाला. पुढचं मला नव्हतं. "या, या. अजून वाढू?"

रिसीव्हर लाकडावर टेकला. बंद नाही केला.

ताट सरकलं. चमचा वाजला. नॉरिस बोलत होता. मध्येच थांबायचा, ऐकत असल्यासारखा. मग उत्तर द्यायचा. दुसरा आवाज... नव्हता.

मग नॉरिस हसला. पोट धरून. बेरिल गेल्यापासून तसा हसला नव्हता.

मी ओरडलो. "नॉरिस! फोन घे!"

"येतो की," तो म्हणाला. मला नाही. "कोट घेऊ का?... नको? बरं."

मग काही नाही.

शेकोटीतलं लाकूड तडकलं. एकदाच.

उजाडेपर्यंत फोन माझ्या कानाला होता.

सकाळी बर्फ हटवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागोमाग मी वर गेलो. उंबऱ्यापर्यंतचं बर्फ कोरं होतं. मागच्या दारीही तेच. दार नुसतं लोटलेलं. नॉरिसचा कोट खुंटीला, बूट खाली. वरच्या खोलीत बिछाना न मोडलेला. पुढे पोलिसांनी माळ पालथा घातला, वसंतात कुत्रीही आणली. काही मिळालं नाही. कंपनीनं दाराला फळ्या ठोकल्या, त्या अजून तशाच आहेत.

पण मी सांगतोय ते त्या सकाळचं. शेकोटीजवळच्या टेबलावर दोन ताटं होती, पुसून खाल्लेली. आणि दोन ग्लास.

दोन्हींवर चकत्या.

एक ग्लास रिकामा होता. दुसरा नॉरिसचा, त्याच्या नेहमीच्या जागी. मी त्यावरची चकती उचलली. उचलायला नको होती.

शेकोटीतली राख गार पडली होती. मी हात घालून बघितलं.

ग्लास काठोकाठ भरलेला होता. आणि वरचा फेस... अजून खाली बसत होता.