दोन टोपणं जांभूळ

मुरबाडची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून तो टोकावड्याच्या नाक्यावर रुचिताच्या टपरीत शिरला. जांभूळ सरबत मागितलं. आधी वास घेतला, मग एक घोट... आणि ग्लास खाली ठेवला.

"छान आहे. पण ह्यात जांभळापेक्षा बाटली जास्त आहे."

रुचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं ती आणि बचत गटाच्या दहा बायका रानातली जांभळं वेचून, शिजवून, गाळून हे सरबत करत होत्या. आणि हा कोण मोठा टिकोजीराव?

"आवडलं नाय तर ठेवा आन् चालायला लागा!"

"स्वरूप," तो म्हणाला, जणू तिनं नावच विचारलं होतं. "भातसानगरचा. वडील धरणावर कामाला आहेत. मी लॅबमध्ये — खाण्यात घालायचे वास तपासतो."

"वास घ्यायचा पण पगार मिळतो?"

तो हसला. एका गालावर खळी पडली, आणि तीच तिला सगळ्यात जास्त खटकली.

"इसेन्सची बाटली बघू?"

तिनं ती त्याच्यापुढे आदळली. "पातेल्याला दोन टोपणं. पहिल्यापासून तेवढंच."

बाटली डोळ्यांजवळ नेऊन त्यानं तळाची बारीक अक्षरं वाचली आणि त्याचं हसू मावळलं. इसेन्सच्या दुकानदारानं यंदा तोच रंग, तेच चित्र असलेला माल दिला होता, पण दहापट कडक. टोपण मात्र तेवढंच होतं.

"तुम्ही दिवसाला हे किती पिता?"

"मी पीत नाय, विकते. पातेलं उतरलं की चाखते, अर्धा ग्लास."

"पातेली किती?"

"आठ... नऊ."

"आणि वजन किती तुमचं?"

वडापाव खाणारी दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "पोरीला वजन विचारता? लाज नाय वाटत?"

"अहो, नुसतं चांगलं-वाईट असं नसतं यात. केवढं माणूस, रोज किती घेतं, त्यावर ठरतं. माळशेजला जाणारा एक ग्लास पिऊन जातो, त्याला काही होणार नाही. पण तुम्ही..." वाक्य तसंच सोडून त्यानं तपासायला सरबताच्या दोन बाटल्या विकत घेतल्या आणि समोर थांबलेल्या जीपमध्ये बसला.

"अठ्ठेचाळीस!" जीपच्या मागे ती ओरडली. रागानंच.

पुढचे आठ दिवस तिनं प्रत्येक एसटीकडे पाहिलं आणि प्रत्येक वेळी स्वतःवर चिडली.

नवव्या दिवशी तो आला. भिजलेला, शर्टाच्या आत लॅबच्या तपासणीचा कागद जपून आणलेला. टपरीच्या मागे दोनशे बाटल्या रचून ठेवल्या होत्या. कल्याणच्या एका दुकानाकडून आलेली गटाची पहिली मोठी ऑर्डर, सकाळी टेम्पो येणार होता.

"ह्या बाटल्या जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "घरी पोरांनी रोज अर्धा ग्लास प्यायला तरी मर्यादेच्या वर जातं. तुम्ही तर पाचपट वर आहात. डोकं दुखतं ना तुमचं?"

दुखत होतं. महिनाभर. पण ते ह्याला कशाला सांगायचं?

"ह्या गेल्या नाय तर पुन्हा आमाला दारात कोण उभं करील? दहा बायकांनी हंगामभर हात काळे केलेत. तुमी गप बसा ना..." आणि तिच्या तोंडून निसटलं, "माझ्यासाठी."

तो एकदम भडकला.

"तुमच्यासाठीच तर गप्प बसणार नाही! आठ दिवस झोप नाही मला. त्या इसेन्सवाल्या दुकानदारावर चिडतोय, असली मुंगीएवढी अक्षरं छापणाऱ्यांवर चिडतोय... तक्रारही देऊन आलोय. तुम्ही रागवा. आयुष्यभर रागवा. पण हे चाखू नका."

आयुष्यभर, म्हणाला. रुचितानं त्याच्याकडून कागद ओढून घेतला.

तिनं बायकांना हाक मारली आणि तो वाचून दाखवला. गटाच्या म्होरक्या बुधीकाकी कमरेला पदर खोचून उठल्या. "आमाला वाचता येत नाय म्हनून बारीक लिवतात काय रं मेले? वता गो सगलं!"

पहिली बाटली रुचितानं फोडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या. स्वरूप शेजारी बसून एकेक झाकण उघडत राहिला, शर्ट जांभळा होईपर्यंत. मग तिनं कल्याणला फोन करून सगळं खरं सांगितलं. घरी ठेवलेल्या निव्वळ रसाच्या, वास न घातलेल्या थोड्या बाटल्या पाठवू का, असं विचारलं.

"दहा पाठवा," तिकडून रुक्ष उत्तर आलं. "खपल्या तर बघू."

दोनशेच्या जागी दहा. तिला पुन्हा रडू फुटलं.

"माझा राग अजून आहे?" स्वरूपनं हळूच विचारलं.

"हाय."

"किती दिवस?"

ओढणीनं नाक पुसत तिनं त्याच्याकडे पाहिलं. "रविवारी आईबापाला घेऊन या. उरलेलं त्यांच्यासमोर भांडते."

"ते विचारतील, कशाला बोलावलं..."

"सांगा, पोरगी बघायला." तिचा आवाज चिरकला, तरी नजर हलली नाही. "आन् म्हनावं, ती चिडते फार. तेवढं आधीच बघून घ्या."