मुकादमाचा हात

दिवा जरा इकडे सरकव, मग सांगते.

त्या संध्याकाळी मी आत्याकडे गेले ती तिचा खांदा बघायला. दूर देशी फिजिओथेरपी शिकून नुकतीच परतले होते. आपल्या माणसांची दुखणी आपणच बरी करायची, या ध्यासाने नुसती पेटले होते. आत्याचा उजवा हात छातीच्या वर जात नसे. तपासण्यांत काहीच सापडत नव्हतं.

ती एकटीच राहायची. तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. तिथला मुकादम मागे येऊन उभा राही, तिच्या खांद्यावर हात दाबून कानाशी घाणेरडं बोले. मशीन थांबली की पगार कापत, म्हणून ती शिवत राही. नोकरी सुटून जमाना झाला, तरी तिची झोप उडालेली होती, छाती धडधडायची.

“मेला ना गं तो मुकादम?” मी विचारलं.

“मेला की. खात्री करायला जाऊन बघून आले.” ती हसली. “एवढी शिकलीस ती म्हातारीचा खांदा चोळायला?”

“आज बरा करूनच जाणार, आत्या.”

मी तिची खुर्ची भिंतीला टेकवली. “आता मागे कुणी उभंच राहू शकत नाही. उचल हात.”

मी समोर स्टुलावर बसले. रस्त्यावरचे आवाज विरत गेले. कुठूनतरी मशीनच्या तेलाचा वास आला. घरात मशीन नव्हती.

हात उठला. सावकाश, थेट डोक्याच्या वर. तिने स्वतःच्या केसांतून बोटं फिरवली.

“अगं, केवढं हलकं वाटतंय…”

मग तिची नजर माझ्या मागे गेली आणि हसू विझलं.

“ऊठ तिथून. मागे बघू नकोस…”

मला उठता येईना. उजवा खांदा जड झाला होता. कानाशी कुणाचातरी गरम श्वास लागत होता.

आत्या उभी राहिली. मान खाली घालून माझ्या मागच्या रिकाम्या जागेला म्हणाली, “साहेब, ती नवीन आहे… तिला सोडा. मी बसते.”

माझा खांदा मोकळा झाला.

तिने खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली, मागे एक माणूस उभा राहील एवढी, आणि बसली. हात मांडीवर पडला. तिच्या खांद्यावरचं कापड हळूहळू दबत गेलं… चार बोटांनी.