अकरा ओळींची झाडलोट

चंद्रतळाच्या संगणककक्षात विश्राम ओगल्यांनी कल्याणी भोईर यांचा बदल वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला नाक मुरडलं. तळाचा सगळा कारभार ज्या संगणकप्रणालीवर चालायचा, तिच्यातला एक शब्दही ओगल्यांच्या मंजुरीशिवाय बदलत नसे. आणि भोईरबाईंनी पाठवली होती अकरा ओळींची झाडलोट.

"स्मृतीचा एखादा तुकडा, एखादं पान बिघडलं, की प्रणाली ते बाजूला काढते. नऊ वर्षं काढतेय," ओगले म्हणाले. "यात तुम्ही काय दिवे लावलेत?"

"पान बाजूला काढून बाहेर पडायला प्रणालीच्या सूचनांत तीन वाटा होत्या, सर. तिन्हींवर तीच ती आवराआवर लिहिलेली. मी सगळ्यांची एक वाट केली."

"म्हणजे केर काढलात."

"हो. पण तिसऱ्या वाटेवर बिघाडाची नोंदच होत नव्हती. ती रिकाम्या पानांची वाट. आता होईल."

"रिकामं पान बिघडलं तर कोणाचं अडतं?"

ज्यांना नवं काही लिहिता येत नाही ते दुसऱ्याचं लिहिलेलं पुसत बसतात, असं ओगल्यांचं ठाम मत होतं. 'निरुपद्रवी आणि निरुपयोगी' असा शेरा मारून त्यांनी मंजुरी दिली.

बिघडलेल्या पानांचा आकडा आठवड्याला चारच्या वर कधी गेला नव्हता. बदल लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो नऊशेवर पोचला. ओगले तरातरा कल्याणीच्या टेबलापाशी आले.

"अकरा ओळींत एवढी नासाडी करायलाही अक्कल लागते. मागे घ्या तो बदल."

"घेते. आकडा परत चार होईल. पानं बिघडायची थांबणार नाहीत." तिने मान वर केली नाही. "पानं कशानं बिघडतात, सर?"

"अवकाशकिरणांनी. शाळेतली पोरंही सांगतील."

"आपली बहुतेक स्मृती रिकामी असते, म्हणून किरणही बहुतेक रिकाम्या पानांवरच आदळतात. आणि ते येतात छतातून. छत जाड करण्याचा अर्ज तुम्ही चारचा आकडा दाखवून दोनदा फेटाळलात. किरणमापकंही बंद केलीत, संगणक बिघडलेली पानं मोजतोच म्हणून."

ओगल्यांनी वर छताकडे पाहिलं. त्याच छताखाली बासष्ट माणसं राहत होती.

"डॉक्टरांना कळवलंय," कल्याणी म्हणाली. "तपासणीची यादी इथल्या मुक्कामाच्या वर्षांप्रमाणे लावलीय. पहिलं नाव तुमचं आहे."