चंद्रावरची टिकली आणि खिशातलं बिस्किट

कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण चंद्रावर आजवर एकाच कुत्रीला शू कुठे करायची हे शिकवलं गेलं, आणि ते मी शिकवलं.

"थापा!" शाल्मली म्हणाली.

शाल्मली आमच्या सोसायटीतली, वय वर्षं दहा. मांडीवर तिचं नवं पिल्लू, बुंदी. बुंदी घरात सोफ्यामागे शू करते, कितीही ओरडलं तरी ऐकत नाही, ही तक्रार घेऊन दोघी बागेतल्या बाकावर माझ्याकडे आल्या होत्या. बुंदीला स्वतःला तक्रारीत काही रस नव्हता. ती माझ्या सदऱ्याचा खिसा हुंगत होती.

"थापा की काय, ते शेवटी ठरव," मी म्हटलं.

तर मी होतो चंद्रावर, एका विवराच्या काठावरच्या तळावर. एकटा. सोबतीला नेमकेराव नावाचा यंत्रमानव. मी सुप्रभात म्हटलं की तो हवेचा दाब सांगायचा. कधीकधी मी मुद्दाम चमचा पाडायचो. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (सगळ्याला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढंच, त्यामुळे चमचा सावकाश पडतो. त्याच्या आवाजाची वाट बघण्यात तेवढाच वेळ जायचा.

सहा महिन्यांनी मालवाहू यानातून टिकली आली. कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली. कमी गुरुत्वाकर्षणात पिल्लाची हाडं कशी वाढतात, हे शास्त्रज्ञांना बघायचं होतं. नेमकेरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "जमिनीखाली यंत्रं आहेत. ती भिजता कामा नयेत. यान एकवीस दिवसांनी पुन्हा येईल. तोवर ही शिकली नाही, तर परत जाईल."

आणि चंद्रावरची शू म्हणजे काय सांगू! धार स्वयंपाकघरातून निघाली, की पलीकडच्या खोलीत माझ्या उशीवर उतरायची.

"शी!"

"ऐक तर. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळलं, की थोड्याच वेळात त्याला शू लागते. तेव्हा मी टिकलीला उचलून हिरवळघरात न्यायचो. म्हणजे काचेच्या घुमटाखालची मातीची बाग. तिथे ती शू करायची. मग आम्ही आत यायचो आणि मी तिला बिस्किट द्यायचो. बिस्किटाचा डबा स्वयंपाकघराबाहेर न्यायला बंदी होती. चंद्रावर भुगा उडाला की लवकर खाली बसत नाही, यंत्रांत शिरतो."

आठव्या दिवशी कोडं पडलं. टिकली पळत हिरवळघरात जायची, काहीही न करता पळत परत यायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेपटी हलवायची. ओळीने सतरा वेळा! अठराव्यांदा तिने उंबऱ्यावरच शू केली.

"वेडी होती का?"

"मलाही तसंच वाटलं. मी जोरात ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून ती पलंगाखाली लपून शू करायला लागली."

शाल्मलीने हळूच बुंदीकडे पाहिलं.

चौदाव्या दिवशी मी माझ्या धाकट्या बहिणीला, प्रमिलाला, फोन लावला. चंद्रावरून आवाज पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद, तिकडून उत्तर यायला सव्वा सेकंद. मी तिला उशीची गंमत सांगितली, आणि न थांबता पुढे म्हणालो, "टिकली गेली तर मी पुन्हा एकटा पडेन गं." त्यावर प्रमिला खो खो हसली.

"किती दुष्ट!"

"दुष्ट नाही गं. ती उशीच्या गमतीला हसत होती. ते हसू उशिरा पोचलं आणि भलत्याच वाक्याला चिकटलं."

शाल्मली एकदम ताठ झाली. "म्हणजे टिकलीचं बिस्किटपण भलत्यालाच चिकटलं! शू तर केव्हाच होऊन गेलेली. तिला वाटलं, उंबऱ्यावर आलं की बिस्किट मिळतं!"

मला चौदा दिवस लागले, ते या पोरीने बसल्या बसल्या ओळखलं. मला जरा रागच आला.

"बरोबर. याला म्हणतात साहचर्य (दोन गोष्टींची मनात बसलेली गाठ). पिल्लाच्या मनात ही गाठ बसायला दोन्ही गोष्टी लागोपाठ घडाव्या लागतात, एखाद-दुसऱ्या सेकंदात. त्या क्षणी बक्षीस मिळालं की सवय पक्की होते. ते प्रबलन (बक्षिसाने सवय बळकट करणं)."

"आणि ओरडणं कशाला चिकटतं?"

"ओरडणाऱ्याला. टिकली एवढंच शिकली, की या माणसासमोर शू करायची नाही."

"म्हणून सोफ्यामागे," शाल्मली पुटपुटली.

मग मी नियम मोडला. बिस्किटाचे तुकडे करून खिशात भरले. टिकलीची शू संपली रे संपली, की तिथेच मातीवर तुकडा आणि शाबासकी. नेमकेराव मागून ओरडायचे, "खिशात भुगा! नियम एक्केचाळीस!" विसाव्या दिवशी टिकली आपण होऊन हिरवळघराच्या दाराला नाक लावून उभी राहिली.

"मग राहिली ती तुमच्याकडे!"

"यानातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिची हाडं तपासली. भार पेलून पेलून हाडं भक्कम होतात. चंद्रावर भारच कमी, त्यामुळे तिची हाडं नाजूक होत चालली होती. तिथे राहिली असती तर पृथ्वीवर कधी धावू शकली नसती. मीच तिला यानात बसवलं. शिकलेली पोर, चांगल्या घरी पडली. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. हात झटकले आणि कामाला लागलो. आता तूही खिशात तुकडे ठेव. महिन्याभरात बुंदी स्वतःच दाराशी जाऊन उभी राहील."

एवढ्यात बुंदी बाकावरून खाली उतरली, गवतात दोन गिरक्या घेतल्या आणि बसली. शू संपली. त्याच क्षणी माझा हात खिशात जाऊन बाहेर आला, आणि बिस्किटाचा तुकडा तिच्या तोंडात होता.

शाल्मली माझ्या हाताकडे बघत राहिली.

"आजोबा, तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"नाही."

"टिकलीनंतर कधी होता?"

"नाही."

"मग चंद्र खरा, नेमकेराव खरे, उशीवरची धारसुद्धा खरी," ती म्हणाली. "पण तुम्हाला काही वाटलं नाही, ही थाप आहे!"