नवव्या मजल्यावरचा दिष्टी बोम्मा

खोटं वाटलं तरी माझी हरकत नाही. माझं उभं आयुष्य बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर म्हणून गेलं. माझं कुणी न ऐकण्याची मला सवय आहे.

पण हे घडलंय. हैदराबादच्या पश्चिमेला, एका अर्धवट टॉवरच्या नवव्या मजल्यावर, अमावास्येला. रात्री नाही...

भर दुपारी.

त्याच्या महिनाभर आधी तिथूनच पोचय्या नावाचा मजूर पडून मेला होता. लिफ्टसाठी सोडलेल्या उघड्या खड्ड्यात. अंगावर बेल्ट होता, पण त्याचा हुक अडकवायला दोर नव्हता. खाली जाळी नव्हती. दोन्ही मागून मागून मी थकलो होतो.

मॅनेजर रघुनंदनने चौकशी करून कारण शोधून काढलं. नजर लागली होती.

जाळी आली नाही. दिष्टी बोम्मा आला.

आमच्याकडे नजर लागू नये म्हणून नव्या इमारतीवर बाहुला टांगतात, तसाच. पेंढा भरलेला, काळं तोंड, लाल जीभ, माणसाएवढा. नव्याकोऱ्या जाड दोराने त्याला खड्ड्याच्या तोंडाशी बांधलं. त्या साइटवर उंचावर नीट बांधलेला तो पहिलाच.

मग तपासणी आली. रघुनंदनने बोम्म्याला हेल्मेट आणि बेल्ट चढवला, दोराला हुकसुद्धा लावला. दोन्ही वस्तू पोचय्याच्या. दवाखान्यातून परत आल्या होत्या. धुऊन घेतल्या की झालं, फुकट कशाला घालवायच्या?

तपासणीचे साहेब खालूनच वर बघून खूश झाले. मजुरांना म्हणाले, "त्या माणसाकडून शिका."

मजूर माना खाली घालून उभे. त्यात पोचय्याची बायको सायम्माही होती.

पोचय्यानंतर त्या मजल्यावर जायला कुणी तयार नव्हतं. घमेली घेऊन ती एकटी जायची. मी तिला खालचं काम देऊ म्हटलं, तर हसली. "माझाच माणूस आहे तिथं. त्याला मी भ्यायचं का, सारू?"

पण तिनेच एक दिवस सांगितलं, बोम्म्याला वास येतो.

मी वर गेलो. पेंढ्यावर माश्या घोंघावत होत्या. बेल्टच्या पट्ट्यांतून काहीतरी चिकट ओघळत होतं.

टिप्...

आणि बऱ्याच वेळाने, खोल खाली... टिप्.

नाक दाबून उतरलो. रघुनंदनला सांगितलं. त्याने उदबत्तीचा पुडा काढून दिला.

अमावास्येला, जेवणाची सुट्टी संपता संपता, वर घमेलं आपटलं.

मग...

काहीच नाही.

किंकाळी नाही. हाक नाही.

मग खड्ड्याच्या तळाशी धप्प.

मी खड्ड्याशी गेलो. वाकून पाहिलं. हेल्मेट, काळं तोंड, विस्कटलेला पेंढा... बोम्मा होता.

धावत नववा मजला गाठला. सायम्मा खड्ड्यात लोंबकळत होती. जिवंत. बोम्म्याचा बेल्ट तिच्या अंगावर. छाती, कंबर, मांड्या... एकूण एक बक्कल लावलेलं. हुक बोम्म्याच्याच दोरात.

आम्ही तिला ओढून घेतलं. पट्टे बुळबुळीत झाले होते. माझ्या हातांचा तो वास साबणाने कित्येक दिवस गेला नाही.

"फळी सरकली, सारू," ती म्हणाली. "मी पडले. आणि पडता पडता तो एकेक बक्कल लावत होता. सावकाश. म्हणाला, ओरडू नको, हुक लागलाय."

तोवर रघुनंदन धापा टाकत वर आला होता, त्यानेही ते ऐकलं. तिच्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी जाळी येणार. त्याने मला बाजूला घेतलं.

"मूर्तीगारू, तिला जरा विचारा ना," तो हळूच म्हणाला, "तो बाकीच्या टॉवरवरही येईल का?"

मी त्याला तिथेच सोडून सायम्माला खाली नेलं.

तिला तिच्या गावी, पालमूरच्या बसमध्ये बसवून दिलं आणि नोकरी सोडली. जाळी अजून आलेली नाही, असं ऐकतो. बोम्मे मात्र सगळ्या टॉवरवर आहेत, बेल्टसकट.

आताही रस्त्याने जाताना उंचावर कुणी बिनबेल्टचा दिसला, तर मी नुसता चिडतो. पण कुणी अगदी नीट बांधलेला, हुक लावलेला दिसला... की पाय थबकतात. तो हलेपर्यंत मला पुढे जाता येत नाही.

परवा फार वेळ उभं राहावं लागलं.